वीस तासांचं माहेर

फोन आला तेव्हा ओक-बुन स्टुलावर उभी राहून खिडकीचे पडदे काढत होती. ईस्टर जवळ आला की हेक्स्टमधल्या बायका पडदे धुवायला काढतात, आणि फ्रँकफर्टच्या या टोकाला चव्वेचाळीस वर्षं काढल्यावर ओक-बुनलाही पडदे धुतल्याशिवाय सण आल्यासारखं वाटत नसे. स्टुलावरून जपून उतरून तिनं फोन उचलला. पलीकडे मी-सुक होती, तिची धाकटी बहीण.

दोघींमध्ये वर्षाकाठी एकच फोन चाले, नव्या वर्षाचा. तब्येत कशी, थंडी किती, बरं ठेवते. तो जानेवारीतच होऊन गेला होता. आता एप्रिल.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कुणी गेलं नाही, ताई. मीच येतेय."

मी-सुकची मुलगी पोर्तुगालमध्ये, पोर्तोला राहत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिच्या बाळंतपणाला मी-सुक निघाली होती. कोरियाहून फ्रँकफर्ट आणि तिथून दुसऱ्या विमानानं पोर्तो. गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला पहिलं विमान उतरणार, दुसरं शुक्रवारी दुपारी दोनला सुटणार.

"हे तिकीट स्वस्त पडलं म्हणून घेतलं," मी-सुक घाईघाईनं म्हणाली. "तुझ्यासाठी वाट वाकडी केली असं समजू नकोस. मी विमानतळावरच्या हॉटेलातही झोपू शकते."

"झोप की. बहिणीचं घर बसनं वीस मिनिटांवर, आणि तू झोप हॉटेलात. तुला लाज नसेल, मला आहे."

"तिथल्या लोकांना काय कळणार आहे?"

"वरच्या मजल्यावरच्या ट्राउडेलला कळेल. तिला सगळं कळतं."

इतकी वर्षं न बोललेलं मधे येऊन बसल्यासारखं झालं. शेवटी मी-सुकच म्हणाली, "ते सोयाबीनचं कालवण करशील? आईसारखं?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला.

ओक-बुन मूळची कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरची, बल्ग्योजवळच्या एका खाडीकाठच्या गावची. ओहोटी लागली की तिची आई एक गुडघा फळीवर टेकवून, दुसऱ्या पायानं रेटा देत त्या काळ्याशार चिखलावरून घसरत दूर जायची आणि टोपलीभर शिंपल्या घेऊन भरतीच्या आत परतायची. मोठी झाल्यावर ओक-बुन नर्सिंग शिकली, आणि एकविसाव्या वर्षी तीन वर्षांच्या करारावर जर्मनीला आली. तेव्हा तिच्यासारख्या शेकडो मुली येत होत्या. पहिल्या दिवशी वॉर्डच्या मुख्य सिस्टरनं तिचं नाव दोनदा म्हणून बघितलं आणि तिसऱ्यांदा हात टेकले. "हे कुणाच्या लक्षात राहायचं? आपण ओल्गा म्हणू."

तेव्हापासून ती ओल्गा झाली. ओल्गानं आपल्या दुप्पट वजनाच्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवलं, शौचाची भांडी उचलली, मेलेल्यांना आंघोळ घातली. तीन वर्षं संपत आली तेव्हा अकरा नंबरच्या ट्रामचा डिटमार नावाचा चालक तिच्यासाठी थांब्यावर अर्धा मिनिट जास्त थांबू लागला होता. त्या अर्ध्या मिनिटाचं पुढं लग्न झालं. वडिलांनी गावाकडून एका ओळीत कळवलं, परत येऊ नकोस. वडील गेल्यावर ती डिटमारला घेऊन एकदा गेली, नंतर पंचाण्णव साली एकटी. ती शेवटची.

दोन हजार एकच्या ऑक्टोबरात आई गेली. त्याच आठवड्यात डिटमारची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन होतं. ओक-बुननं दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून फोन करून मी-सुकला सांगितलं, मला येता येत नाही. मी-सुक म्हणाली, "तुझा नवरा वाचेल, ताई. आई काही पुन्हा मरणार नाही." ते वाक्य ओक-बुनच्या अंगात काट्यासारखं रुतून बसलं. डिटमार वाचला, आठ वर्षं जगला आणि गेला. तेव्हा मी-सुकचा फोन आला, चार मिनिटांचा.

आणि आता ती येत होती. वीस तासांसाठी.

"वीस तास म्हणजे पुष्कळ!" ट्राउडेल म्हणाली. सत्तरी उलटलेली ही बाई वरच्या मजल्यावर एकटी राहायची आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीची यादी करू शकायची. बिस्किटांच्या पुठ्ठ्यावर तिनं यादी केली: जुना चौक, लोखंडी पूल, उंच इमारतीवरून दिसणारं शहर, मग झाडाखाली बसून सफरचंदाची वाइन. "तुझ्याकडचं माणूस पहिल्यांदा येतंय, ओल्गा. आपलं शहर कसं दिसलं पाहिजे! नाहीतर तिकडे जाऊन सांगेल, बहीण कुठल्याशा खेड्यात राहते म्हणून."

"शुक्रवारी गुड फ्रायडे आहे, ट्राउडेल. सगळं बंद."

"चौक कसा बंद होईल? पुलाला काय कुलूप लावतात?"

ओक-बुनला यादी पटली. तिलाही वाटत होतं, मी-सुकनं बघावं. आपण कुठल्या तरी मोठ्या ठिकाणासाठी गाव सोडलं असं तिला वाटावं. चार दिवस आधी तिनं दोन्ही उशांचे अभ्रे इस्त्री केले, दुसऱ्या दिवशी घडी मोडली असं वाटून पुन्हा केले.

गुरुवारी ती विमानतळावर तासभर आधी जाऊन उभी राहिली. काचेचं दार उघडायचं, माणसं यायची, दार मिटायचं. मग एकदा दार उघडलं आणि आतून आई चालत आली. तसेच किंचित बाहेर वळलेले पाय, तशीच पुढे काढलेली हनुवटी. आई इतकी वर्षं इथंच आत बसून होती की काय! मग त्या बाईनं हात वर केला. ती मी-सुक होती, छप्पन्न वर्षांची.

मिठी वगैरे कुणी मारली नाही. ओक-बुननं फक्त तिच्या हातातली पर्स ओढून घेतली.

"एवढीशी झालीस."

"आणि तू पांढरी झालीस. रंगवत का नाहीस केस?"

"कुणासाठी रंगवू? सामान कुठाय?"

मी-सुकनं कपाळाला हात लावला. "पोर्तोला."

"म्हणजे?"

"तुझ्यासाठी काय काय आणलं होतं, ताई! लाल तिखट, वाळवलेल्या शिंपल्या, शेवाळाचे कागद. काउंटरवरची पोरगी म्हणाली, बॅग शेवटच्या गावी मिळेल. मी म्हटलं, बरं. विमान उडाल्यावर डोक्यात उजेड पडला."

"दप्तर घरी ठेवून शाळेत जायचीस, तीच तू."

"आता माझ्याकडे फक्त ही पर्स आहे आणि विमानात दिलेल्या सपाता."

ओक-बुनला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. "बरंच झालं. ओझं नाही, तर थेट शहरातच जाऊ. उजेड आहे अजून दोन तास. जुना चौक बघू, मग पूल..."

"मला शहर नको, ताई. घरी चल."

"घरी काय बघायचंय? दोन खोल्या आणि स्वयंपाकघर."

"खिडकी बघायचीय," मी-सुक म्हणाली.

ओक-बुनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. विमानात कान बंद होतात, बोलणाऱ्याचे की ऐकणाऱ्याचे कोण जाणे. पण अठ्ठावन्न नंबरच्या बसमध्ये बसल्यावर मी-सुक बाहेर काही बघेना. दोन्ही हात मांडीवर ठेवून, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी ताठ बसून राहिली.

घरात शिरल्याबरोबर तिनं बूट काढले आणि सरळ बैठकीच्या खोलीच्या खिडकीशी गेली. धुतलेला पडदा बाजूला सारला. खाली बसचा थांबा होता, त्यामागे किराणा दुकानाची मागची भिंत, भिंतीला टेकून ढकलगाड्यांची रांग. आणि एक झाड, नुकती पानं फुटलेलं.

मी-सुकनं काचेला नाक टेकवून डावीउजवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नदी कुठाय?"

"नदी? सात-आठ मिनिटं चालावं लागतं. का?"

"आणि हे झाड? पर्सिमॉनचं नाही?"

"आपलं केशरी पर्सिमॉन इथं कुठून येणार? हे चेस्टनट आहे. त्यातलंही खायचं नाही, रानटी. मी-सुक, झालंय काय तुला?"

मी-सुक तिथंच खुर्चीवर बसली. हसत होती की रडत होती ते ओक-बुनला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळेना. तेवढ्यात दार वाजलं. ट्राउडेल वाडगा घेऊन उभी होती.

"आज हिरवा गुरुवार, उद्या गुड फ्रायडे! आज सात पाल्यांचं सॉस खाल्लं नाही तर माणूस वर्षभर गाढव राहतो, सांग तुझ्या बहिणीला." तिनं आत डोकावून पाहिलं. "अगंबाई, हुबेहूब तूच! फक्त जरा ताजी."

"काय म्हणते ही?" मी-सुकनं डोळे पुसत विचारलं.

"तू सुंदर आहेस म्हणते."

"एवढंसं नाही म्हणाली. बरंच लांब बोलली."

"जर्मन भाषा लांबच असते."

जेवायला बसल्या तेव्हा ओक-बुननं भात, डुकराच्या मांसाचे तिखट तुकडे, आणि नदीकाठच्या रानातून खुडलेल्या रानलसणीची पानं घालून केलेलं सोयाबीनचं कालवण मांडलं. बाजूला ट्राउडेलचं हिरवं सॉस, उकडलेली अंडी, बटाटे. मी-सुकनं कालवणाचा पहिला घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"खारट झालं?"

"नाही." तिनं पुन्हा घोट घेतला. "ही चव आता तिकडे नाही मिळत, ताई. मलाही जमत नाही. मी साखर घालते थोडी, सगळेच घालतात. हे थेट आईच्या चुलीवरचं आहे."

"मला दुसरं येतच नाही. निघाले तेव्हा जे येत होतं तेवढंच."

"बोलतेसही तशीच. मघाशी बसमध्ये 'फडताळ' म्हणालीस ना, तो शब्द मी आईनंतर आज ऐकला. गावात आता म्हाताऱ्यासुद्धा टीव्हीसारखं बोलतात."

हे कौतुक की टोमणा हे ओक-बुनला ठरवता येईना. आपण ज्या गावासाठी झुरत आलो ते गाव आपल्याच तोंडात शिल्लक राहिलंय आणि गावात नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तिनं बहिणीच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

चहा झाल्यावर मी-सुकनं पुन्हा खुर्ची खिडकीशी नेली. बाहेर अजून उजेड होता. "बस इथं. तुला सांगायचंय. हे सांगायलाच आलेय मी."

"तिकीट स्वस्त होतं ना?"

"बस म्हणतेय ना."

ओक-बुन बसली.

"तुझी पत्रं यायची," मी-सुक म्हणाली. "मी बारा वर्षांची होते. आईला वाचता यायचं नाही, म्हणून मी वाचायची. आणि तू काय लिहायचीस? 'मी बरी आहे. काम चालू आहे. थंडी आहे. तब्येत सांभाळा.' चार ओळी! आई चिखलातून येऊन, हात धुऊन, कोरडे करून बसलेली असायची. मी चार ओळी वाचून संपवायची आणि ती म्हणायची, 'पुढं?'"

ओक-बुन पडद्याची कड चाचपत राहिली.

"पहिल्यांदा मी म्हटलं, संपलं. तिचा चेहरा असा झाला, ताई... म्हणून पुढच्या वेळी मी पुढं वाचलं. कोऱ्या कागदावरून. तुझ्या खिडकीतून नदी दिसते म्हणून सांगितलं. नदीत लाल होड्या. दारात पर्सिमॉनचं झाड, तुला आवडायचं म्हणून. तू रोज होडीनं नदी ओलांडून कामाला जातेस. तुझ्याकडे लाल कोट आहे. डॉक्टर तुला उठून नमस्कार करतात."

"डॉक्टर?" ओक-बुनच्या तोंडून निघालं. "डॉक्टर मला चार वर्षं 'ए, तू' म्हणत होते."

"मला काय माहीत? मग तू लग्न केलंस. बाबांनी पत्र चुलीत टाकलं, आईनं ते अर्धं जळलेलं काढलं. मी वाचलं, भावोजी संध्याकाळी तुझ्यासाठी अ‍ॅकॉर्डिअन वाजवतात."

"अ‍ॅकॉर्डिअन!" ओक-बुन हसायला लागली, आणि हसू थांबेना. "अगं, डिटमारला धड शिट्टी वाजवता यायची नाही! चर्चमध्ये गाणं सुरू झालं की शेजारचे त्याला कोपरानं ढोसायचे!"

मी-सुकही हसली. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गावातल्या प्रत्येक बाईला जावयाच्या अ‍ॅकॉर्डिअनबद्दल माहीत होतं, मी-सुक सांगत होती. त्र्याऐंशी साली तो आला तेव्हा आईनं सगळ्यांना ताकीद दिली होती, पाहुणा दमलाय, त्याला वाजवायला सांगायचं नाही.

"म्हणून त्या सगळ्या बायका त्याच्या बोटांकडे बघत होत्या! तो मला विचारायचा, माझ्या हाताला काही लागलंय का?"

हसू ओसरल्यावर मी-सुक बाहेरच्या भिंतीकडे बघत राहिली. "एवढंच असतं तर मी फोनवर सांगितलं असतं."

"अजून काय?"

"आई दरवेळी शेवटी विचारायची, 'कधी येणार लिहिलंय?' आणि मी म्हणायची, पुढच्या शरदात." तिचा आवाज बारीक झाला. "दरवर्षी, ताई. मोठी झाल्यावर, मला पोर झाल्यावरसुद्धा. फोन आले तरी तुम्ही दोघी फोनवर रडण्यापलीकडे कधी बोललात? तारखा माझ्याकडूनच जायच्या. शरद आला की आई पर्सिमॉन सोलून वाळवायला दोरीला ओवायची आणि तुझा वाटा वेगळा टांगायची. तू आली नाहीस की म्हणायची, 'काम असेल पोरीला.' शेवटच्या वर्षीही मी सांगितलं. ती ऑक्टोबरात गेली. दोरी टांगलेली होती. मला तुझा इतका राग आला! वाटलं, वचन देऊन मोडलंस. वचन मी दिलं होतं, तू नाही, हे मला दफनानंतर आठवलं. तोवर मी फोनवर ते बोलून बसले होते."

ओक-बुन उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला. परत दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे आई दरवर्षी वाट बघायची."

"हो."

"मी येणार नव्हते हे तिला माहीत असतं तर तिनं वाट बघितली नसती. मी तशीच व्यवस्था केली होती, मी-सुक. चार ओळी का लिहायचे मी? पाचवी लिहायला घेतली की मला घरी यायचंय असंच लिहून व्हायचं. तसं पत्र आलं असतं तर ती झोपली असती? मी स्वतःला कोरडं केलं, तिला ओढ लागू नये म्हणून. आणि तू बसून तिला ओढ लावत होतीस."

"मी बारा वर्षांची होते, ताई."

"चाळिसाव्या वर्षी बारा वर्षांची नव्हतीस."

ओक-बुननं कपाटातून स्वतःचा झोपायचा झगा काढून तिच्या मांडीवर ठेवला, पलंग दाखवला, आणि स्वतः बैठकीतल्या सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडली. वीस तासांतले पाच संपले होते. आईचा वेगळा टांगलेला वाटा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तो नंतर कोण खात असेल, हे विचारायचं राहिलं.

सकाळी जाग आली तेव्हा आत काहीतरी वाजत होतं. मी-सुकनं रात्रीची भांडी घासून पुसून, चुकीच्या फडताळात लावली होती. ओक-बुनचा झगा तिला पायघोळ होत होता, बाह्या दुमडलेल्या. केस मोकळे, मानेवर आलेले, आणि मानेवर तोच तीळ, जो बघत ओक-बुन लहानग्या मी-सुकला पुढ्यात बसवून वेणी घालायची.

"बस," ओक-बुन म्हणाली. तिनं कंगवा आणला.

"आता वेणी घालण्याइतके केस कुठं उरलेत?"

"आहेत तेवढे विंचरते. हलू नकोस."

विंचरता विंचरता तिनं विचारलं, "होडी लाल सांगितलीस ना?"

"हो."

"इथली पांढरी आहे. चालेल?"

गुड फ्रायडेच्या सकाळी हेक्स्टमध्ये चिटपाखरू नसतं. दुकानं बंद, चर्चच्या घंटासुद्धा मुक्या. दोघी जुन्या वाड्याखालच्या उतारावरून नदीवर आल्या. माइन नदीवरची छोटी फेरीबोट पलीकडच्या काठाला होती. ट्राउडेलची यादी ओक-बुनच्या कोटाच्या खिशात होती, ती तिनं बाहेर काढलीच नाही. डबा घेतला होता, शेवाळाच्या कागदात वळलेला भात, निघण्याआधी घाईनं केलेला.

बोटीत त्या दोघी, एक सायकलवाला, आणि एक कुत्रं घेतलेला म्हातारा. पाण्याचा वास आला तशी मी-सुकनं नाक वर केलं. "आपल्या खाडीसारखा नाही."

"नाही. इथं भरती-ओहोटी नाही. चव्वेचाळीस वर्षं झाली, मी अजून वाट बघते पाणी कधी उतरेल म्हणून."

तेवढ्यात मी-सुकचा फोन वाजला. पोर्तोहून मुलगी बोलत होती, आवाज इतका मोठा की सायकलवाल्यानंही वळून पाहिलं. "पोचलीस का मावशीकडे? मावशी, ऐकताय ना? हिला सांगितलं होतं, दीड तासात दुसरं विमान आहे, ते घे, माझे दिवस भरलेत! तर म्हणाली, मधे एक रात्र नसेल तर मी येतच नाही. जास्त पैसे भरून घेतलंय हे तिकीट!"

मी-सुकनं फोन घाईनं कानाला दाबला आणि कुत्र्याकडे बघत राहिली.

"स्वस्त होतं ना?" ओक-बुन म्हणाली.

"गप बस, ताई."

पलीकडच्या काठावर ओल्या गवतावर कोट पसरून दोघींनी डबा उघडला. ओक-बुननं मग पाचवी ओळ सांगितली. सहावी, सातवी. पहिल्या हिवाळ्यात नर्सेसच्या वसतिगृहात सहाजणींनी मिळून एक मुळा आंबवायला ठेवला आणि वासानं खालच्या मजल्यावरच्यांनी गॅस गळतोय म्हणून अग्निशमन दल बोलावलं. एक म्हातारा मरताना तिला आपली मुलगी समजला आणि तिनंही समजू दिलं. मूल राहिलं होतं एकदा, चार महिन्यांत गेलं, ते कुणालाच कळवलं नाही. डिटमार त्या दिवशी ट्राम डेपोत लावून गणवेशातच आला आणि जमिनीवर बसून तिचे पाय चेपत राहिला. मी-सुक मधे एकदाही बोलली नाही. फक्त ओक-बुन थांबली की म्हणायची, "पुढं?"

साडेअकरा वाजले तेव्हा सांगायचं बरंच बाकी होतं.

विमानतळावर तपासणीच्या रांगेपाशी ओक-बुननं अंगातलं लोकरीचं जाकीट काढून बहिणीच्या खांद्यावर टाकलं. "पोर्तोला समुद्राचा वारा असतो."

"तुझं तिखट, शिंपल्या पोस्टानं पाठवते."

"ते राहू दे. बाळंतिणीला खाऊ घाल. पोर रडलं तर लगेच उचलू नका."

"ताई, बायका म्हणतात, आई गेली की माहेर संपतं." मी-सुक जाकिटाची गुंडी लावत होती, ती लागत नव्हती. "मला वाटलं होतं, माझंही..."

"वेडी आहेस," ओक-बुन म्हणाली आणि तिनं गुंडी लावून दिली. "मी काय मेलेय?"

मी-सुक रांगेत शिरली. वळणावर तिनं मागं बघितलं आणि काहीतरी बोलली, पण मधे काच होती. ओक-बुन मान हलवत राहिली, सगळं कळल्यासारखी.

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी एक तरुण बाई येऊन बसली आणि तिनं विचारलं, ही बस हेक्स्टला जाते ना? ओक-बुननं सविस्तर उत्तर दिलं: जाते, पण आज सणाची बस आहे, हळू जाईल. ती बाई गोंधळून बघत राहिली तेव्हा ओक-बुनच्या लक्षात आलं की आपण हे सगळं कोरियनमध्ये बोललो. तिनं माफी मागून जर्मनमध्ये पुन्हा सांगितलं आणि उरलेला रस्ता रुमालानं डोळे टिपत राहिली. त्या बाईनं पर्समधून कागदी रुमालांचं अख्खं पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि काही विचारलं नाही.

पुढं सोमवारी पोर्तोला मी-सुकच्या लेकीला मुलगी झाली. परतीचा प्रवास मी-सुकनं दुसऱ्या वाटेनं केला, ते तिकीट आधीच काढलेलं होतं. ओक-बुन गावी गेली ती पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, शरदात नाही. अकरा दिवस राहिली. आईच्या थडग्याजवळ बर्फ होतं. खाडीला कठडा घातलेला, आणि चिखलावर फळी घेऊन जाणाऱ्या फक्त तीन म्हाताऱ्या उरल्या होत्या. त्यातल्या एकीनं तिला ओळखलं. म्हणाली, "तुझा नवरा छान वाजवायचा म्हणे."

"हो," ओक-बुन म्हणाली. "रोज संध्याकाळी."